खिशातून उगवलेलं रोप

चौथ्या घराचा जिना उतरताना खिसेकाका म्हणाले, "ताई, तुमचे पाय दुखत असतील तर तुम्ही घरी जा. पुढची घरं मी करतो."

दुखत होते त्यांचेच. प्रत्येक पायरीला कठडा धरून ते जरा थांबत आणि थांबलोय हे कळू नये म्हणून दारांवरच्या पाट्या वाचल्यासारखं करत. मी म्हटलं, "माझे पाय ठणठणीत आहेत. तुमचं वाचन आटोपलं की निघू."

"टोमणा पोचला बरं का," असं म्हणून त्यांनी हातातलं पाकीट छातीशी धरलं आणि निघाले.

त्या पाकिटात एक डहाळी होती. बोटभर लांब, नाजूक काडी, तिला बारीक निमुळती पानं आणि टोकाला वाटाण्याहून लहान असं एक हिरवं बोंड. सकाळी नऊपासून आम्ही दोघं त्या डहाळीचा मालक शोधत गावभर फिरत होतो.

हे कुणालाही चमत्कारिक वाटेल. आमच्या रस्त्यावरच्या माणसांना मात्र वाटलं नाही, कारण ते काकांना ओळखतात.

काकांचं धुलाई आणि इस्त्रीचं दुकान. त्याच दुकानाच्या खिडकीशी शिलाई मशीन टाकून मी अकरा वर्षं बसत आले. उसवलेलं शिवायचं, लांब असेल ते आखूड करायचं, रफू, काज, बटण. काकांचं खरं नाव पाटीवर आहे, पण सगळे त्यांना खिसेकाकाच म्हणतात. कपडा टेबलावर आला की पावती फाडायच्या आधी काका त्याचे खिसे उलटे करायचे. जे निघेल ते छोट्या पाकिटात, पाकिटावर पावतीचा नंबर, आणि पाकीट भिंतीवरच्या लाकडी कप्प्यात. चावी असो, औषधाची चिठ्ठी असो, अर्धं बिस्किट असो. एकदा कुणाच्या पॅंटीतून दुधाचा दात निघाला, तोही पाकिटात गेला. न्यायला आलेली आई तो दात हातात घेऊन हसली आणि लगेच रडली. बिस्किटसुद्धा परत द्यायचे. लोक म्हणायचे, "काका, टाकून द्यायचं ना!" काका म्हणायचे, "टाकायचा हक्क तुमचा. माझा नाही."

याला कारण होतं. दुकान काढलं त्या पहिल्याच वर्षी एका बाईंचं कानातलं हरवलं. त्या बोलल्या काही नाहीत, पण रस्त्यावर कुजबुज झाली. दोन महिन्यांनी ते त्यांच्याच कपाटात साडीच्या घडीत सापडलं. बाईंनी माफी मागितली, पण काका म्हणतात, ते दोन महिने त्यांनी मान खाली घालून इस्त्री केली. तेव्हापासून हा नेम. तेहतीस वर्षं मोडला नाही.

खिशाच्या कोपऱ्यात उरतं ते भुसकट, लोकरीचे गोळे, चुरा, वाळू. ते पाकिटात घालता येत नाही. ते काका खिडकीखालच्या फुलांच्या वाफ्यात झटकायचे. "मातीतलं मातीत," म्हणायचे. वाफा म्हणजे दोन हात लांबीची पट्टी, त्यात झेंडू आणि सदाफुली. त्या दोहोंच्या मधून अडीच महिन्यांपूर्वी चार-पाच काड्या वर आल्या. गवत म्हणून मी उपटायला गेले तर काका ओरडले, "अहो, थांबा! ते आपलं नाही!"

"मग कुणाचं?"

"ते बघायला पाहिजे. मी तिथं काही पेरलं नाही, तुम्ही पेरलं नाही. म्हणजे कुणाच्या तरी खिशातलं बी आहे. म्हणजे मालक आहे."

मला हसू आलं, पण त्यांना आलं नाही. काड्या गुडघ्याच्या वर गेल्या तरी ते त्यांना रोज पाणी घालत आणि कशाचं रोप आहे ते ओळखू आलं नाही म्हणून अस्वस्थ होत. त्यात घाईची वेळ आली. काकांचे गुडघे संपले होते, मुलीनं हट्ट धरला होता, आणि ठरलं की शनिवारी दुकान कायमचं बंद करून ते आणि काकू मुलीकडे राहायला जाणार. जागा घेणाऱ्यानं आधीच सांगून ठेवलं होतं की सोमवारी गवंडी येईल आणि वाफ्यावर सिमेंट टाकेल, त्याला तिथं गाड्या लावायच्या होत्या. कप्प्यातली सगळी पाकिटं काकांनी घरोघर पोचवली. राहिलं एक रोप.

"कुणाची एकही वस्तू मागे ठेवून मला इथून जायचं नाही, ताई," ते म्हणाले. "गेलो तर तिकडे झोप लागणार नाही."

म्हणून गुरुवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही निघालो. काकांनी जुनी पावतीपुस्तकं चाळून ज्यांच्या खिशातून वाळू, चुरा, बिया असं काही निघालं होतं त्या लोकांची यादी केली होती. त्यांना एकट्याला जाऊ द्यायचं माझ्या मनाला पटेना.

पाचवं घर मोटार चालवायला शिकवणाऱ्यांचं. ते गाडीचं बॉनेट उघडून उभे होते. काकांनी पाकिटातून डहाळी काढून पुढे धरली. "साहेब, हे तुमच्या खिशातलं असण्याची शक्यता आहे."

ते दोन पावलं मागेच सरकले. "कसलं झाड आहे हे, काका? भलतंसलतं तर नाही ना? तसं असेल तर माझी पॅंट नव्हतीच ती."

"आणि चांगलं निघालं तर?"

"चांगलं निघालं तर माझंच. मी कधीपासून शोधतोय!"

काका हसले नाहीत. रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "बघितलंत? आधी रोप कसलं ते सांगा, मग कुणाचं ते सांगतो. सगळ्यांचं हेच. नाव कळल्याशिवाय मालक कळायचा नाही."

मग आम्ही मालक सोडून नावाच्या मागे लागलो. औषधाच्या दुकानातल्या दादांनी चष्मा कपाळावर चढवला, पान चुरगाळून हुंगलं आणि "औषधी आहे," असं ठासून सांगितलं. कशावर, ते काही सांगता येईना. बागेतला माळी म्हणाला, "तण आहे, उपटून टाका." काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा "किंवा नसेलही," म्हणून मोकळा झाला.

शेवटी मी काकांना माझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडे नेलं. बाई आता ऐंशीच्या घरात आहेत, पण समोर उभं राहिलं की माझे हात अजून आपोआप मागे जातात. त्यांनी डहाळी खिडकीच्या उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली.

"फूल कसं आहे याचं?"

"फूल येत नाही याला, बाई," काका म्हणाले.

"येत नाही म्हणजे? हे बोंड काय आकाशातून पडलं?" बाईंनी काकांना शाळेत घातल्यासारखं विचारलं. "पोर कडेवर आहे आणि म्हणता आईच नाही. फूल येऊन गेलंय, तुम्ही बघितलं नाही."

"रोज बघतो हो. दिवसातनं दहा वेळा."

"किती वाजता?"

"दुकान उघडतो साडेअकराला. सकाळी कपडे गोळा करत फिरतो ना. मग रात्रीपर्यंत."

"सकाळी बघा. मी अंदाजानं नाव सांगणार नाही. तीन झाडं डोळ्यांसमोर येताहेत, फूल दाखवलंत तर एक उरेल." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू तर खिडकीतच बसतेस. निरीक्षण म्हणून काही शिकवलं होतं मी."

परतताना मला आमचं एक भांडण आठवत होतं. गेले पंधरा-वीस दिवस काका माझ्यावर कुरकुरत होते, "ताई, तुमच्या निळ्या चिंध्या वाफ्यात उडताहेत. खिडकी लावून बेतत जा." आणि मलाही ते खरं वाटलं होतं, कारण शाळा सुरू व्हायच्या होत्या आणि मी निळ्या गणवेशांचे गठ्ठेच्या गठ्ठे आखूड-लांब करत होते. मीही बाराच्या सुमाराला दुकानात येते. आले की वाफ्यात निळे कपटे पडलेले दिसायचे. मी दोनदा कबूल केलं, एकदा उलट बोलले, आणि शेवटी खिडकीला जाळी लावली. जाळी लावल्यावरही कपटे पडतच होते. त्याचा विचार मात्र मी केला नव्हता. काकांनीही केला नव्हता. त्यांना जगात जे काही निळं आणि हलकं दिसतं ते कापडच वाटतं, आणि मला ते माझ्याच कात्रीचं वाटतं.

शुक्रवारी मी घरचा दिवा लावून, हात जोडून सातलाच निघाले. मनात म्हटलं, देवा, एवढं एक त्यांच्या मनासारखं होऊ दे.

वाफ्याजवळ गेले आणि उभीच राहिले. त्या काड्यांवर निळी फुलं उघडली होती. दहा-बारा तरी असतील. पाच पाकळ्यांची, इतकी पातळ की मागची सकाळ आरपार दिसावी. वाऱ्याची झुळूक आली तर एक पाकळी सुटली आणि खाली मातीवर बसली. तंतोतंत माझी चिंधी!

बाईंच्या घरापर्यंत फूल टिकणार नाही हे दिसतच होतं. काकांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. मी एक काडी फुलासकट तोडली, हाताचा आडोसा केला आणि जवळजवळ पळत निघाले. तिसऱ्या मजल्यावर दार काकूंनी उघडलं. काकू फारशा खाली उतरत नाहीत, त्यामुळे त्यांनी ते रोप पाहिलेलं नव्हतं. घरात अर्धं सामान खोक्यांत बांधलेलं. काका आत दाढी करत होते.

मी तोंड उघडायच्या आत काकूंचे डोळे चमकले. "अगं बाई! जवस फुललं? कुठं मिळालं तुला? आमच्या माहेरी रानात सगळा पट्टा असा निळा व्हायचा. ऊन चढलं की गळून जायचं, म्हणून आम्ही पोरी उठल्या उठल्या बघायला पळायचो."

आतून काका अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आले. "काय म्हणालीस? काय आहे हे?"

"जवस, जवस. आंधळं माणूससुद्धा सांगेल."

काका मटकन खोक्यावर बसले. "आपल्या वाफ्यात उगवलंय हे. काल दिवसभर याच्या मालकासाठी मी गावभर फिरलो. आठ घरं झाली."

"आणि मला विचारलं नाहीत?" काकूंनी कमरेवर हात ठेवले. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! चाळीस वर्षं घरात आहे मी, पण हिला काय कळतंय! गावातल्या परक्यांना विचाराल."

"बरं, ते राहू दे. नाव कळलं. आता जवस कुणाच्या खिशात असणार ते बघू." काकांनी साबणाचाच हात पुढे करून यादी मागितली. "जवस खाणारी माणसं किती असतील? डॉक्टरांनी सांगितलेली."

काकूंनी कमरेवरचे हात खाली घेतले. त्यांचा पवित्रा असा बदलला की काहीतरी शिजतंय हे मलाही कळतं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "रोज सकाळी मी तुम्हाला पुडी देते, त्यात काय असतं?"

"ते पोटाचं. तुझं ते... बी."

"त्या बीला काय म्हणतात?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी खोक्यांकडे बघितलं.

"रोज एक चमचा, चावून चावून खायचं, असं सांगून देते. तुम्ही खाता ना?"

"खातो की!"

"कधी?"

"म्हणजे... दुकानात गेलो की सदऱ्याच्या खिशात असते पुडी. नंतर बघतो तर रिकामी. म्हणजे खाल्लीच असणार."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, इस्त्री तापली की तुम्ही बाहेरचा सदरा काढता. खिडकीशी उभे राहून दोनदा झटकता. मग खुंटीला लावता. रोज."

काकूंनी कपाळावर हात मारला. "एवढे महिने मी त्या वाफ्याला औषध घालतेय! वाफ्याचं पोट साफ असेल बघा!"

एकच शंका उरली होती, तीही त्यांनीच सोडवली. जवस त्या नेहमी भाजून द्यायच्या, आणि भाजलेलं बी उगवत नाही. पण अडीच-तीन महिन्यांपूर्वी त्यांचं मनगट लचकलं होतं, तेव्हा पंधरा दिवस कढई उचलता येत नव्हती, म्हणून कच्चंच पुडीत बांधलं होतं. उगवलं ते त्या पंधरा दिवसांचं.

काका हसायला लागले. इतके हसले की साबण मानेवर उतरला. "म्हणजे मालक मीच! सुटलो. आता उपटलं काय, राहिलं काय, माझं मी बघतो."

"तुमचं कसं?" काकू म्हणाल्या. "दिलं होतं ते खायला. खाल्लं नाहीत म्हणजे माझं मला परत. बोंडं वाळेपर्यंत मी ते मरू देणार नाही."

आणि काकांना ते पटलं! न्यायाची गोष्ट आली की ते नवरेपणा बाजूला ठेवतात. शनिवारी सकाळी आम्ही दोघांनी खोल खणून, मातीच्या ढेकळासकट ते रोप तेलाच्या रिकाम्या डब्यात उचललं. मुळं दुखावू नयेत म्हणून मी ढेकळाखाली दोन्ही हात धरले होते. काकांनी काकूंच्या नावानं रीतसर पावती फाडली, 'जवस, रोप, एक', आणि डबा तीन मजले चढवून त्यांच्या हातात दिला. दोन काड्या वाटेत माना टाकून बसल्या, बाकीच्या मुलीकडे पोचेपर्यंत तग धरतील असं काकू म्हणाल्या.

दुपारी मी बाईंना फोन करून सांगितलं. "तीनातलं एक तेच होतं," त्या म्हणाल्या. "आणि तुझ्या काकांना सांग, लिननचं कापड याच्याच धाग्याचं बनतं." मी सांगितलं. काका इस्त्री हातात धरून क्षणभर थांबले. लिननचा शर्ट आला की ते नेहमी त्याला नावं ठेवायचे, सुरकुत्या जात नाहीत म्हणून. "तेहतीस वर्षं ज्याची पाठ रगडली," ते म्हणाले, "ते दारात तोंड दाखवायला आलं आणि मी विचारतोय, आपण कोण!"

संध्याकाळपर्यंत शेवटचा गठ्ठा गेला. कप्पे सगळे रिकामे. मी माझं मशीन झाकून दोरीनं बांधलं. ते सकाळी माझ्या घरी जाणार होतं. मला वाटलं होतं काका आता खुशीत असतील. देवानं माझं ऐकलं होतं, कुणाची वस्तू राहिली नव्हती. पण ते टेबलाशी नुसतेच उभे होते, आणि टेबलावर एक मोठं बोचकं होतं. ते त्यांनी घरून आणलेलं मी पाहिलं होतं, पण खोक्यांतलं काही सामान असेल असं धरून चालले होते.

त्यांनी गाठ सोडली. आत त्यांचेच कपडे होते. सदरे, पॅंटी, दोन कोट, एक तर लग्नातला असावा.

"ताई, काल रात्रीपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही," ते म्हणाले. "जवस माझ्या खिशात होतं आणि मला पत्ता नव्हता. पुडी रिकामी दिसली, मी धरून चाललो की खाल्लं. मग दुसरं काही असलं तर? गर्दीच्या वेळी एका हातात पाकीट, एका हातात पावती, घाईत कुणाची अंगठी, कुणाची चावी मी माझ्याच खिशात सोडली असेल तर? लोकांचे खिसे मी बघितले. माझे कधी कुणी बघितलेच नाहीत."

"काका, असं काही नसेल."

"नसेल. पण नसेल असं मी म्हणून चालत नाही. मी बघितले तर मला तेच दिसेल, जे मला बघायचंय." त्यांनी वरचा सदरा उचलून माझ्या हातात दिला. "तुम्ही बघा. हे सगळे. आणि काही निघालं तर मला विचारत बसू नका. मी इथं नसेन. ज्याचं असेल त्याच्या घरी तुम्ही नेऊन द्या."